स्थळ पाहावं तसं कॉलेज पाहिलं

शेजारच्या बायका विचारतात, विमानात भीती वाटली का, बर्फ पाहिला का, तिकडची माणसं काय खातात. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते आणि आत निघून जाते. चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून लाज वाटते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचायचं मी कधी सोडलं नाही, आणि कागदासमोर मला कुणाची लाज वाटत नाही. म्हणून जे तिकडे गेले नाहीत त्यांना सांगावं तसं इथे लिहून ठेवते. कुणाला वाचायला देईन असं मात्र आज तरी वाटत नाही.

रायपूर

आमचं घर तात्यापाऱ्यात. खाली पूर्वाच्या बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, वर आम्ही. पूर्वाने डॉक्टरीची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नंबर लागला नाही. त्यानंतर ती गच्चीवरच्या खोलीत बसून राहायला लागली. खाली जेवायला यायची तेव्हा ताटाकडे पाहूनच बोलायची.

अशा वेळी विक्की भैया घरी आला. तो पोरांना बाहेरदेशी कॉलेजात लावून देतो. ऑफिसात न बोलावता तो स्वतः आमच्याकडे आला, सासूबाईंच्या पाया पडला आणि खाटेवर मांडी घालून बसला. जॉर्जिया नावाचा देश आहे म्हणाला, आपल्या छत्तीसगडपेक्षाही लहान.

"वहाँ बच्चे कम हैं आंटी, और सीटें ज़्यादा. इसीलिए हमारे बच्चों को इतने प्यार से बुलाते हैं."

कॉलेज आधी डोळ्यांनी पाहा आणि मग हो म्हणा, असंही तो म्हणाला. दर घरातून एकाला तो दाखवायला नेत होता. पूर्वाच्या बाबांच्या हृदयात जाळी बसवलेली आहे, डॉक्टरांनी त्यांना विमानाला नाही म्हटलं. उरले मी.

"मम्मी जाएँगी?" पूर्वा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. "मम्मी को वहाँ क्या समझेगा?"

"तुझ्या आत्यांची स्थळं हिनंच पाहिली होती," बाबा म्हणाले. "एक तरी वाईट निघालं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पाहून ये. तुले पटलं तर हो, नाही पटलं तर नाही. मी काहून म्हणून विचारणार नाही."

पूर्वा माझ्याकडे पाहत होती. कित्येक महिन्यांनी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काय हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्या गावात

गावाचं नाव लिहीत नाही. तिथे चांगली कॉलेजंही असतील, उगाच सगळ्यांना बोल लागायचा.

थंडी अशी होती की बोललं की तोंडातून धूर निघे. मी मोज्यांवर चपला घालून गेले होते, पहिल्याच दिवशी मोजे ओले झाले. विक्की भैयाने बूट आणून दिले तर जोडव्यांमुळे पाय आत जाईना. लग्नापासून जोडवी कधी काढली नव्हती. हॉटेलच्या पायरीवर बसून साबण लावून ती काढली आणि रुमालात बांधून पदराला गाठ मारली. परक्या देशात बोटं अशी मोकळी वाटली की दिवसभर पाय चोरून बसले.

माझ्याबरोबर अभनपूरचे साहूजी होते. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि त्यांनाही पूर्वाच्याच वयाची मुलगी आहे. साधा, हसरा माणूस. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानात पिवळे बिल्ले पाहून ते म्हणाले, "देख दीदी, इहाँ के कुकुर मन के घलो नंबर लग गे हे. हमर लइका मन के काबर नइ लगही!" इथल्या कुत्र्यांचाही नंबर लागला, मग आमच्या पोरांचा का नाही लागणार, हे ऐकून मला खूप हसू आलं. कुत्र्यांना सुई टोचली की तसा बिल्ला लावतात, हे मागाहून कळलं.

गाव उतरतीचं आहे, खाली मातकट पाण्याची नदी. घरांच्या फाटकांवर द्राक्षाचे वेल चढवलेले, पण पानं झडून नुसत्या काड्या राहिलेल्या. एका झाडाला एकही पान नव्हतं आणि टोमॅटोएवढी नारिंगी फळं मात्र लगडली होती. बसमधून देऊळ दिसलं की आपण कपाळाला हात लावतो, तसे तिथले लोक चर्च दिसलं की छातीवर क्रूस काढतात, ड्रायव्हरसुद्धा. म्हाताऱ्या बायका काळ्या कपड्यांत. माणूस गेल्यावर आपल्याकडे पांढरं नेसतात, तिकडे काळं.

एका दुपारी आम्हाला गावाबाहेर एका शेतघरी जेवायला नेलं. घरची म्हातारी मातीच्या तव्यावर मक्याची भाकरी भाजत होती, आपल्यासारखीच हातावर थापून. बरोबर मातीच्या भांड्यात राजम्यासारखी उसळ, वर भरपूर कोथिंबीर आणि लसूण. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. म्हातारीने माझा हात हातात घेऊन पाहिला आणि बोटांवरचे चटके दाखवून हसली. तिच्याही बोटांवर तसेच होते. घर मोठं आणि रिकामं होतं. भिंतीवर दोन मुलांचे फोटो होते, दोघंही कामासाठी दुसऱ्या देशात गेलेले.

ऋतुजा नावाची मुलगी आमच्याबरोबर होती. ती त्याच कॉलेजातली, राजनांदगावची, मराठी. विक्की भैया तिला 'हमारी डॉक्टर बिटिया' म्हणे. ती सगळीकडे पांढरा कोट घालून यायची, जेवायलासुद्धा. तिला तिथली भाषा थोडी येत होती. म्हातारीने तिला काहीतरी विचारलं आणि ऋतुजा भाकरीचे तुकडे करत बसली.

"का पूछत हे?" साहूजींनी विचारलं.

"पूछ रही हैं, आपके देश में स्कूल नहीं हैं क्या?"

साहूजी खूप हसले. म्हातारी हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कॉलेज

कॉलेजात आम्हाला पोहे मिळाले. काचेच्या मोठ्या दालनात टेबलावर पांढरा कपडा, त्यावर कांदेपोहे, वर शेव आणि लिंबाची फोड. परक्या मुलुखात पोहे पाहून माझा जीव निवला. मग लगेच आठवलं की मुलगी पाहायला आलेल्यांना पोहे देतात. फक्त इथे आम्ही मुलीवाले होतो आणि पोहे सासरचे देत होते.

उंच, गोऱ्या बाई आल्या, कॉलेजच्या सगळ्यांत मोठ्या. त्या बोलत होत्या आणि विक्की भैया हिंदीत सांगत होता. त्या दोन वाक्यं बोलल्या की त्याची सहा व्हायची. मग प्रश्न विचारायला सांगितलं. साहूजींनी विचारलं, पाणी चोवीस तास येतं का, वीज जाते का, मुलग्यांचं हॉस्टेल मुलींच्यापासून किती लांब आहे, जेवणात अंडं वेगळ्या भांड्यात शिजवतात का. सगळ्यांची उत्तरं चांगली होती. साहूजी माझ्याकडे वळून म्हणाले, "पानी बने हे, बिजली नइ जाय, अपन भाषा बोलइया लइका हे. अउ का चाही दीदी?"

माझ्याही मनात तेच प्रश्न होते. आपण घर पाहायला जातो तेव्हा हेच पाहतो. घरात पोरगी नांदायची असते, मग पाणी, चूल, शेजार आणि माणसांची बोली पाहायची. मुलगी तिथे शिकणार होती, पण शिकवण्याबद्दल आमच्यापैकी एकानेही काही विचारलं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलं असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

इमारत फिरून दाखवली. एका दारावर कुलूप होतं. ही लॅब, पण किल्लीवाले सर सुट्टीवर, असं विक्की भैया म्हणाला. दवाखाना बसमधून दाखवला, लांबून.

माझ्या मामेसासूबाई म्हणायच्या, पुरुष पुढच्या खोलीत बोलत असले की बाईने पाणी मागावं आणि पाण्याच्या निमित्ताने मागे जावं. पुढची खोली पाहुण्यांसाठी झाडलेली असते. घर मागे कळतं, आणि घरच्या सुनेकडे पाहून कळतं. नणंदांच्या वेळी मी असंच केलं होतं. दुसरं काही मला येत नाही. मी उठले आणि ज्या दारातून पोहे आले होते त्या दारातून आत गेले.

आत मोठी मोरी होती. ऋतुजा कोटाच्या बाह्या वर करून पोह्यांचं पातेलं घासत होती.

"काकू, इकडं काहून आल्या? बाहेर बसा ना."

"पाणी पाहिजे होतं."

"बाटल्या आहेत ना टेबलावर."

"मले बाटलीचं नाही चालत."

ती हसली. भांडं विसळून तिने नळाचं पाणी दिलं. मी तिचे हात पाहिले. थंड पाण्याने बोटांची सालपटं निघाली होती.

"पोहे तूच केले?"

"हव. तुमच्यासारखी विक्की भैयाची पार्टी आली की मीच करते."

"आणि कॉलेज?"

"पार्टी आली की सुट्टी."

मी पदर खोचला आणि दुसरं पातेलं घासायला घेतलं. तिने नको नको म्हटलं, मग राहू दिलं. हात कामात असले की बायका बोलतात. घरी कोण कोण आहे ते विचारलं. आई आहे, पाठची बहीण आहे, बाबा नाहीत. मग मी विचारलं, "दवाखान्यात जाता का तुम्ही? पेशंट पाहता?"

तिने घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"मागं उभं राहत होतो. डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलते, पेशंट त्यांच्या भाषेत बोलते. त्याचं काय दुखून राहिलं तेच आम्हाला समजत नाही. आता तर तेही बंद झालं. त्या दवाखान्याशी कॉलेजचं काहीतरी फिसकटलं."

"मग शिकता काय?"

"मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, काकू. तेवढं तर राजनांदगावात बसूनही पाहता आलं असतं."

"मग हा कोट?"

"हा पार्टीसाठी." ती हसली, आणि ते हसणं पाहून मला बरं वाटलं नाही. "मले हॉस्टेल फुकट आहे ना. नवी पोरं आणायची, त्यांच्याशी फोनवर बोलायचं, कुणाचे आईबाप आले की हसायचं. मी आली तेव्हा अशीच एक दीदी होती कोट घालून. आईनं तिच्याकडं पाहूनच हो म्हटलं."

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं.

"पूर्वाला पाठवू नका. पण मी सांगितलं म्हणू नका, काकू. मले इथून काढलं तर मी कुठं जाऊ?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाव घेणार नाही म्हटलं. बाहेर आले तेव्हा विक्की भैया विचारत होता, "कैसा लगा आंटी, किचन?" मी मान हलवली. साहूजी पोह्यांची दुसरी बशी घेत होते.

परत

स्थळ नाकारताना आपल्यात कारण सांगत नाहीत. पत्रिका जुळली नाही म्हणतात, म्हणजे समोरच्या घराचीही अब्रू राहते. मी विक्की भैयाला तेच सांगितलं. तो आधी हसला, मग फक्त साहूजींशीच बोलायला लागला.

साहूजींना मात्र विमानात सांगायचा प्रयत्न केला. "भैया, बिटिया को मत भेजिए."

"काबर?"

"मुझे ठीक नहीं लगा."

ते माझ्याकडे मायेने पाहत म्हणाले, "पहिली बार घर ले बाहिर निकले हव दीदी. जी घबरा गे हे." आणि त्यांच्या वाटणीची मिठाई माझ्या ताटात ठेवली. त्यांनी पुन्हा कारण विचारलं असतं तरी मला ते सांगता आलं नसतं. मी खिडकीकडे तोंड केलं.

घरी मी एवढंच म्हटलं की मला पटलं नाही. पूर्वाच्या बाबांनी शब्द पाळला, विचारलं नाही. पूर्वाने विचारलं. "क्यों? रीज़न तो बताओ." मी तिचं ताट वाढायला घेतलं. "साहू अंकल ने भी तो देखा. उनको तो अच्छा लगा. आप चौथी पास हो मम्मी, आपको कॉलेज में क्या दिखा?" मग ती खूप रडली. त्या रडण्यात राग कमी होता. तिच्यापुढे हे एकच दार उघडं होतं आणि ते मी लावत होते.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर फोन लावला आणि आवाज मोठा केला. फोनवर ऋतुजा होती. विक्की भैयाने दोघींची ओळख आधीच करून दिली होती.

"अरे आ जा यार, मस्त है यहाँ! मैं हूँ ना," ऋतुजा म्हणाली. आवाज हसरा होता, मोरीपाशी ऐकलेला हा आवाज नव्हता. तिच्याजवळ कुणी बसलं होतं की काय, देव जाणे. पूर्वा माझ्याकडे पाहत होती, सांगा आता म्हणून.

मी फोन हातात घेतला. दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि पोरही सोडायची नव्हती. आपल्याकडे एखाद्या घराची खात्री करायची असली की तिथे आधी दिलेल्या लेकीला विचारतात, तुझी पाठची बहीण याच घरात देऊ का? सासर कितीही गोड दाखवलं तरी या प्रश्नाला कुणी खोटं बोलत नाही. मोठीने 'द्या' म्हटलं तर डोळे मिटून द्यावी.

"ऋतुजा," मी म्हटलं, "तुझ्या पाठच्या बहिणीला तिथं दे म्हणशील का?"

पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज येत होता, नळ वाहत होता. पूर्वा फोनकडे पाहत राहिली. मग फोन कटला.

पूर्वाने पुन्हा लावला नाही. ती वर गेली. संध्याकाळी भाकरी करायला माझ्याशेजारी येऊन बसली.

मला वाटलं होतं, सुटलो. पण त्या संध्याकाळी माझ्या फोनवर ऋतुजाचा निरोप आला. 'काकू, छोटीचं नाव लागलं आहे. साहूजींच्या मुलीच्याच बॅचमध्ये. आईनं मला न विचारता लावलं. माझ्यानं बोलवत नाही. तुम्ही जाऊन सांगा. माझं नाव घेतलं तरी चालेल.'

राजनांदगाव

रायपूरहून राजनांदगाव म्हणजे काही प्रवास नव्हे, पण जॉर्जियाला जाणं मला याहून सोपं वाटलं होतं. एकटीने परक्या घरी जाऊन बोलायचं होतं. पूर्वा म्हणाली, "मैं चलूँ?" मी नको म्हटलं.

ऋतुजाची आई फॉल-पिकोचं काम करते. दारातच मशीन, भोवती साड्यांच्या घड्या. मी रायपूरची, ऋतुजाला भेटून आले, असं म्हटलं आणि त्यांनी मशीन थांबवलं. मला हाताला धरून आत नेलं. धाकटी खाली बसून बॅगेत स्वेटर भरत होती. तिची जिवणी अगदी मोठीसारखी.

"कशी आहे माझी पोरगी?"

"बारीक झाली आहे," मी म्हटलं.

त्यांनी धाकटीला दुकानातून दूध आणायला पाठवलं. ती गेल्यावर मी जे ऐकलं आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. कोट, मोरी, मोबाइलवरचे व्हिडिओ. घरच्यांशिवाय दुसऱ्या कुणापुढे मी इतकं कधी बोलले नसेन.

त्या मला मध्ये थांबवतील, रडतील किंवा विक्की भैयाला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या मांडीवर घेतलेल्या साडीचा काठ सरळ करत ऐकत राहिल्या.

"मले ठाऊक आहे, ताई," त्या म्हणाल्या. "ती सांगत नाही, पण बोलता बोलता थांबते. जेवली का विचारलं की हो म्हणते. काय जेवली विचारलं की फोन ठेवते."

"मग परत आणा ना तिला."

"लई बोलावलं. डॉक्टर झाल्याशिवाय येणार नाही म्हणते."

"मग धाकटीला काहून पाठवून राहिल्या?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कसं कळत नाही.

"म्हणूनच तर. एकटी आहे ना ती तिथं. दोघी असल्या की एकमेकींना राहतील."

एकाच घरात दोन बहिणी देतात ते घर चांगलं म्हणून, एवढंच मला माहीत होतं. घर वाईट निघालं म्हणूनही देतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी दूध घेऊन आली. चहा झाला. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाहून आल्या म्हणून विचारते. तिथली खाट केवढी असते? दोघी मावतील का एकीवर? मोठीला पहिल्यापासून एकटं झोपायची सवय नाही."

हॉस्टेलच्या खोल्या दाखवल्या तेव्हा खाट मी पाहिली होती. लोखंडी होती, अरुंद.

"कुशीवर झोपल्या तर मावतील," मी म्हटलं.